अडीचशे खोकी

गेले चार महिने मी खोकी काढते आहे.

२०२२ पासून महाराष्ट्रात हे वाक्य चारचौघांत बोलायची सोय राहिलेली नाही, म्हणून आधीच खुलासा करते. माझी खोकी कागदावरची आहेत, आणि आत काहीही नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "माळ्यावरची का? दिवाळीला अजून वेळ आहे की!" नवऱ्याने पहिले आठ दिवस काही विचारलं नाही. नवव्या दिवशी चहा पिता पिता वहीत डोकावून म्हणाला, "ही सगळी सारखीच आहेत ना?" नाहीत. एकही दुसऱ्यासारखं नाही, आणि पहिली पन्नास तर खोकीही नाहीत. पण ते पुढे येईलच.

तर झालं असं. माझी भाची मनू आठवीत आहे आणि यंदा एलिमेंटरीला बसणार आहे. (ज्यांनी ही परीक्षा दिली नाही त्यांच्यासाठी: कला संचालनालयाची ड्रॉइंगची परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमितीबरोबर अक्षरलेखन. आपल्यापैकी निम्म्या जणांच्या घरी कुठल्या तरी फाइलमध्ये तिचं सर्टिफिकेट असेल, आणि उरलेल्या निम्म्यांच्या मनात तिची जखम.) एका रविवारी ताईकडे गेले तर मनू जेवणाच्या टेबलावर बुटांचा खोका, त्याच्या शेजारी तांब्या आणि एक कांदा मांडून बसली होती. तांब्या बरा जमला होता, कांदा तर छानच. खोका मात्र असा दिसत होता की त्याच्यावरून एस.टी. गेली असावी. खोडून खोडून कागदाला त्या जागी लव आली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मावशी, माझा हातच नाहीये."

हे वाक्य मी ओळखते. आठवीत असताना मला ते सांगण्यात आलं होतं. कोणी ते महत्त्वाचं नाही. सांगणारी व्यक्ती वाईट नव्हती, घाईत होती. वर्गात साठ मुलं होती आणि माझं चित्र बघायला त्यांच्याकडे पाच सेकंद होते. "तुझा हात नाही" एवढंच त्या पाच सेकंदांत बसतं. मी ते मान्य केलं आणि त्यानंतर तीसएक वर्षं चित्र म्हणून एक रेघ ओढली नाही. मधे इंजिनियरिंग झालं. तिथे ड्रॉइंग शीटवर ड्राफ्टर लावून, तीस अंशांच्या रेषा मारून आयसोमेट्रिक आकृत्या काढल्या, त्याला मार्कही पडले. पण ते चित्र आहे असं मला कधी वाटलंच नाही. हात ड्राफ्टरला होता, मला नव्हता.

मनूच्या खोक्यात नेमकं काय चुकलं होतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. खोका जरा तिरपा ठेवलेला, त्यामुळे समोर दोन बाजू दिसत होत्या आणि वरून झाकण. तिने दोन्ही बाजू काढल्या, झाकण काढलं, पण खालची कड एका सरळ आडव्या रेघेत ओढून टाकली. प्रत्यक्षात समोरचा कोपरा सर्वांत खाली आणि तिथून दोन्ही कडा वर चढत जाताना दिसतात. मी तसं म्हटल्यावर ती वैतागून म्हणाली, "पण खोका टेबलावर सपाट बसलाय ना? मग त्याची खालची कड तिरकी कशी असेल?"

मला उत्तर देता येईना. घरी येताना बसमध्ये मी त्याच प्रश्नाचा विचार करत होते, कारण तो अडाणी प्रश्न नाही. उलट फार शहाणा आहे. मनूला माहीत आहे की खोका सपाट आहे. तिला माहीत आहे की झाकण आयताकृती आहे, म्हणून ती ते दिसतं त्यापेक्षा जास्त उघडून दाखवते. तिचा हात डोळ्याचं ऐकत नाही, डोक्याचं ऐकतो. ल्यूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली मुलांच्या चित्रांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने हेच मांडलं आहे: लहान मुलं वस्तू दिसते तशी नाही, तर त्यांना माहीत असते तशी काढतात. टेबलाचे चार पाय असतात तर चार दाखवायचे, मग इथून तीनच का दिसेनात! म्हणजे गडबड हातात नाहीच. गडबड ही, की "माहीत असलेलं थोडा वेळ बाजूला ठेव आणि फक्त दिसतंय ते बघ" हे कुणी सांगतच नाही.

आणि हे काही आपोआप सुचण्यासारखं नाही, बरं का. रेल्वेच्या पुलावर उभं राहून रूळ बघितले तर ते लांब जाऊन एकत्र येतात हे सगळ्यांनाच दिसतं. चौपाटीवर आधी वाळूत बसून आणि मग उभं राहून समुद्राकडे बघा. क्षितिजाची रेघ दोन्ही वेळा बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते, तुमच्याबरोबर उठते आणि तुमच्याबरोबर बसते. आपल्यापासून लांब जाणाऱ्या सगळ्या सपाट रेषा त्या रेघेकडे धावतात. डोळ्यांच्या खाली असतील तर वर चढत, डोळ्यांच्या वर असतील तर खाली उतरत. मनूचा खोका टेबलावर, म्हणजे तिच्या डोळ्यांच्या खाली. म्हणून त्याच्या कडा वर चढतात. एवढं साधं. पण एवढं साधं कागदावर भूमितीच्या काटेकोर नियमाने मांडायला पंधरावं शतक उजाडावं लागलं. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने तिथल्या बाप्टिस्टरीच्या इमारतीचं चित्र काढलं, त्याला भोक पाडलं, आणि लोकांना चित्राच्या मागून त्या भोकाला डोळा लावून समोर धरलेल्या आरशात चित्र बघायला लावलं, जेणेकरून डोळा बरोबर त्या एकाच जागी राहावा. १४३५ मध्ये आल्बेर्तीने ही पद्धत पुस्तकात लिहून काढली. त्याआधी हजारो वर्षं माणसं चित्रं काढत होती, आणि उत्तम काढत होती. एवढ्या मोठमोठ्या लोकांना जे शोधून काढावं लागलं, ते मनूला तीन रविवारांत आपोआप यावं आणि नाही आलं तर "हात नाही"? हा कुठला न्याय?

असो. बसमधला राग बसमध्येच जिरला नाही आणि मी खोकी काढायला बसले.

ही अडीचशे खोक्यांची शिक्षा माझी कल्पना नाही. इर्शाद करीम या चित्रकाराचा 'ड्रॉ अ बॉक्स' नावाचा फुकट अभ्यासक्रम आहे, त्यातला हा एक स्वाध्याय. नियम थोडे आणि निर्दय. पेनने काढायचं, पेन्सिलने नाही. म्हणजे खोडरबर बाद. पट्टीही नाही. आधी इंग्रजी वायसारख्या तीन रेघा एका बिंदूतून काढायच्या: हा तुमच्याकडे आलेला कोपरा. मग उरलेल्या कडा, मागच्या न दिसणाऱ्यासुद्धा, जणू खोका काचेचा आहे. खोक्याला बारा कडा. त्यांचे चार-चारचे तीन गट, आणि प्रत्येक गटातल्या चार रेघा लांब कुठेतरी एकाच बिंदूकडे निघालेल्या असायला हव्यात. तो बिंदू कागदावर नसतोच, बहुतेक वेळा तो टेबलाच्याही बाहेर असतो. तुम्ही अंदाजाने काढायचं.

आणि मग खरा भाग. एक पान झालं की रंगीत पेन घ्यायचं आणि प्रत्येक कड तुमच्यापासून लांब जाते त्या दिशेने पुढे वाढवायची. इथे पट्टी चालते. चार रेघा एकत्र येतात की नाही ते दिसतं.

माझ्या पहिल्या खोक्याच्या चारपैकी दोन रेघा अर्ध्या वितीवरच एकमेकींना कापून गेल्या, तिसरी समांतर निघाली आणि चौथी चक्क उलट्या बाजूला फाकली. लग्नाच्या पंगतीत चार नातेवाईक चार दिशांना तोंडं करून बसावेत तसं काहीतरी. आणि मागचा आठवा कोपरा! बाकी सगळ्या रेघांतल्या बारीकसारीक चुका साचत साचत तिथे येतात. तीन रेघा तिथे भेटायच्या असतात, माझ्या कधी भेटल्याच नाहीत. काही दिवसांनी एक गोष्ट लक्षात आली, तिने मला हसू आलं. माझ्या रेघा बरेचदा समांतरच राहत होत्या. इंजिनियरिंगच्या आयसोमेट्रिकमध्ये समांतर कडा समांतरच काढतात, माप घेता यावं म्हणून. ते तिथे योग्यच. पण डोळ्याला लांबची बाजू लहान दिसायची सवय असते, म्हणून तसा खोका मागे जाताना रुंदावल्यासारखा वाटतो. म्हणजे मनूचं डोकं तिच्या हाताला सांगत होतं, तसं माझं पहिलं वर्ष माझ्या हाताला सांगत होतं. प्रत्येकाचं 'माहीत असलेलं' वेगळं, इतकंच.

रोज दोन खोकी. कामावरून आल्यावर, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. अडीचशे गुणिले बारा म्हणजे तीन हजार रेघा. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण रोजच्या चोवीसच पडतात.

आता एक कबुली. ऐंशीच्या आसपास मला भयंकर कंटाळा आला, आणि मी लबाडी करायला लागले. आधी सोपी, चपटी खोकी काढू लागले, साडीच्या बॉक्ससारखी, ज्यांच्यात चूक कळत नाही. मग त्याहून वाईट. रंगीत रेघ वाढवताना पट्टी किंचित फिरवायची, म्हणजे ती बरोबर बाकीच्यांना जाऊन मिळेल. कोणाला फसवत होते मी? मार्क देणारं कोणी नव्हतं, वही बघणारं कोणी नव्हतं. तरी मी स्वतःच्याच पेपरात कॉपी केली. पंधरा-वीस खोकी अशी 'छान' आली. पुढच्या रविवारी मनूने वही चाळली आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, ही लाल रेघ कडेवरून निघतच नाहीये. बाजूने निघतेय."

मी ती वीस खोकी परत काढली.

या प्रसंगापासून मला जे वाटायला लागलं, तेच सांगायला ही पोस्ट लिहिते आहे. खोकी काढून हात बसतो, रेघ सरळ येते, हे सगळं खरंच आहे, पण माझ्या मते त्या स्वाध्यायाचा जीव त्या लाल रेघेत आहे. ती चुकीला पत्ता देते. "तुझा हात नाही" या वाक्यात सगळ्यात मोठी खोट ही नाही की ते लागतं. खोट ही की त्याचं पुढे काहीच करता येत नाही. हात नाही म्हणजे काय करू? नवीन आणू? उलट लाल रेघ म्हणते, डावीकडच्या चारांतली तिसरी जरा जास्त आत वळली. बास. पुढच्या खोक्यात ती थोडी कमी वळवायची. या बोलण्यात अपमान नाही, कौतुकही नाही. फक्त जागा आहे.

गाणं शिकणाऱ्यांना हे नवीन नाही. माझी मैत्रीण गाते. पलटे घोटताना तिच्या मागे तंबोरा चालू असतो. तंबोरा तिला वाहवा करत नाही आणि रागावत नाही, तो फक्त षड्ज धरून असतो, आणि तिचं तिलाच कळतं की गंधार जरा उतरला. गळा मुळातच गोड असतो कुणाकुणाचा, पण म्हणून पलटे घोटू नकोस असं कोणी गुरू म्हणत नाही. रियाज या शब्दाला आपल्याकडे केवढा मान! पण चित्रकलेची गोष्ट निघाली की तोच समाज म्हणतो, ती देवाची देणगी, असली तर असते. मग परीक्षेच्या आधी मुलांना दोन-तीन ठरावीक चित्रं पाठ करायला लावतात, जत्रा आणि पावसाळा आणि पतंग उडवणारी मुलं, आणि तीच घोटवून घेतात. घोटायचं काय तेच चुकतंय, असं मला वाटतं. चित्र घोटून एक चित्र येतं. खोका घोटला तर कपाट येतं, घर येतं, बस येते, बाकावर बसलेला माणूससुद्धा येतो, कारण शेवटी त्याचीही पाठ आणि मांडी खोक्यातच बसवावी लागते.

आता दुसरी बाजू. माझा आतेभाऊ कमर्शियल आर्ट शिकलेला आहे. (दादा, हे वाचून फोन करशीलच, तरी लिहिते.) त्याला वही दाखवली तर म्हणाला, "हे कारकुनी काम आहे. यात चित्र कुठंय?" शिवाय म्हणाला, पहाडी किंवा राजस्थानी लघुचित्रं बघ, त्यात चौरंग वरून दिसतो, त्यावर बसलेला माणूस बाजूने दिसतो, रेघा कुठल्याच बिंदूकडे जात नाहीत, आणि तरी ती चित्रं तुझ्या अडीचशे खोक्यांना पुरून उरतील.

त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. पर्स्पेक्टिव्ह म्हणजे सत्य नव्हे. एक डोळा मिटून, एका जागी खिळून बघितलं तर जग कसं दिसतं, त्याचा तो हिशेब आहे. ब्रुनेलेस्कीला लोकांचा डोळा भोकाला लावावा लागला, तो उगाच नाही. लघुचित्र काढणाऱ्याला एका जागी खिळून राहायचंच नव्हतं. त्याला अंगण, ओसरी आणि माडीवरची नायिका सगळं एकदम दाखवायचं होतं. आपल्या शाळांतल्या वस्तुचित्राची पद्धत इंग्रजांच्या काळातल्या शिक्षणातून आली. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. ची कलाशाळा सुरू झाली, तेव्हापासून हा खिळलेला डोळा आपल्या वर्गांत बसला आहे. बसेना का, उपयोगाचा आहे. पण मुलांना एवढं तरी सांगा की हा एक खेळ आहे आणि त्याचे हे नियम आहेत. मनूने खालची कड सपाट काढली तेव्हा ती चुकत नव्हती, ती दुसराच खेळ खेळत होती. ज्या पेपरात बसायचंय त्याचे नियम तिला कोणी सांगितले नव्हते.

उरलेलं अर्धं मात्र पटत नाही. कारकुनी काम म्हणजे कमी प्रतीचं, हे कोणी ठरवलं? आजी रोज दारात ठिपके काढायची, तेही कारकुनी कामच. ठिपके चुकले की रांगोळी फसायची. आणि गंमत म्हणजे, ज्याने अडीचशे खोकी सांगितली त्याचाच दुसरा नियम आहे, की चित्रकलेला दिलेल्या वेळातला अर्धा वेळ निव्वळ मजेसाठी काढायचं, कसंही येवो. मी तो नियम पहिले दोन महिने पाळला नाही. मजेसाठी काढायला मला खोक्यांपेक्षा जास्त भीती वाटत होती, कारण तिथे लाल रेघ नसते. म्हणजे दादा, तुझा टोला बसला आहे. आता मी शनिवारी गॅलरीतून समोरची बिल्डिंग काढते. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, सगळं. वाईट येतं. तरी काढते.

अडीचशेवा खोका मागच्या मंगळवारी झाला. वर्णन करावं असं काही नाही. चारपैकी तीन रेघा भेटल्या, चौथी जवळून गेली. आठव्या कोपऱ्यात राईएवढा त्रिकोण राहिला. शेजारी पहिला खोका ठेवून बघितला, आणि एवढंच म्हणेन की पहिल्यात मी कोणाला चपला ठेवू दिल्या नसत्या, अडीचशेव्यात ठेवता येतील. मी चित्रकार झालेले नाही, होणारही नाही. पण आठवीतलं ते वाक्य आता मला खरं वाटत नाही. एवढ्यासाठी चार महिने गेले, तर स्वस्तात मिळालं.

मनूची परीक्षा अजून व्हायची आहे. ग्रेड काय यायची ती येवो. ती रोज दोन काढत नाही, आठवीतल्या मुलीला तेवढा वेळ कुठला. पण काल रात्री तिने ताईच्या फोनवरून एका खोक्याचा फोटो पाठवला. रंगीत रेघा तिनेच वाढवल्या होत्या, हिरव्या पेनाने. खाली लिहिलं होतं, "मावशी, उजवीकडची खालची फाकतेय. बाकी ठीक."

मी तिला उत्तरात काहीच शिकवलं नाही. शिकवण्यासारखं उरलं नव्हतं :-)

ता. क. दिवाळीला सगळे येणारच आहात. मिठाईचे बॉक्स टाकून देऊ नका, आम्हाला मॉडेल म्हणून लागतात. रिकामे आणावेत असा मात्र आग्रह नाही.